खगोलभौतिकीचा ऑनलाइन वर्ग: प्रात्यक्षिके भक्कम, परीक्षेची तयारी कच्ची

भौतिकीत एम.एस्सी. करून पुढे खगोलभौतिकीत संशोधन करू इच्छिणाऱ्यांसाठी पुण्याहून चालणाऱ्या एका ऑनलाइन वर्गाचे पावसाळी सत्र मी फोंड्याहून पूर्ण केले. शुल्क बऱ्यापैकी आहे, पण केवळ प्रात्यक्षिकांसाठीही ते द्यावे, असे माझे मत झाले.

जून ते सप्टेंबर गोव्यात आकाश दिसण्याची फारशी आशा नसते, त्यामुळे दुर्बिणीवाचून होणारे काम आम्हाला विशेष सोयीचे. युरोपीय अंतराळ संस्थेच्या 'गाया' यानाची १३ जून २०२२ रोजी खुली झालेली निरीक्षणे घेऊन प्रत्येकाकडून कृत्तिका तारकागुच्छाची हर्ट्झस्प्रुंग-रसेल आकृती (ताऱ्यांची तेजस्विता व रंग यांचा आलेख) पायथन या संगणकभाषेत काढून घेतली जाते. निजगती (ताऱ्याचे आकाशातील स्वतःचे संथ सरकणे) पाहून पार्श्वभूमीचे तारे वगळले की उरलेल्यांचे लंबन (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याची जागा किंचित सरकल्यासारखी दिसते तो कोन) सुमारे ७.४ मिलिआर्कसेकंद येते आणि त्याच्या व्यस्तावरून अंतर सुमारे १३५ पार्सेक, म्हणजे ४४० प्रकाशवर्षे, निघते. शिक्षक तेथे थांबत नाहीत. दूरच्या ताऱ्यांच्या बाबतीत मोजमापातील त्रुटी लंबनाएवढीच असली तर हाच व्यस्त फसवा का ठरतो आणि काही नोंदींत लंबन चक्क ऋण का येते, हे ते आकडे समोर ठेवून समजावतात. आमच्या पदव्युत्तर प्रयोगशाळेतही त्रुटींचा विचार इतका नेटाने झाला नव्हता.

व्याख्याने मात्र असमान आहेत. कोणत्या तापमानाला किती अणूंचे आयनीभवन होते (त्यांतून इलेक्ट्रॉन सुटतात) हे सांगणारे मेघनाद साहा यांचे १९२० चे समीकरण उत्तम शिकवले: सुमारे १०,००० केल्विनच्या ताऱ्यांत हायड्रोजनच्या बामर रेषा (वर्णपटातील दुसऱ्या ऊर्जापातळीशी निगडित रेषा) सर्वांत ठळक असतात, कारण त्याहून थंड ताऱ्यांत दुसऱ्या पातळीवर पुरेसे अणू नसतात आणि अधिक तप्त ताऱ्यांत हायड्रोजनचे आयनीभवन होऊन जाते. चंद्रशेखर मर्यादेची (श्वेत बटू ताऱ्याच्या कमाल वस्तुमानाची) सिद्धता मात्र पळत पळत उरकली.

जाहिरातीतील 'जेस्ट'ची, म्हणजे संशोधन संस्थांतील पीएच.डी. प्रवेशासाठीच्या सामाईक परीक्षेची, तयारी सर्वांत कमकुवत. त्या परीक्षेचा भर यामिकी, विद्युतचुंबकी, पुंजयामिकी आणि सांख्यिकीय भौतिकीवर असतो, तर येथे अशी गणिते जेमतेम सोडवली गेली. केवळ परीक्षेसाठी कोणी विचारत असेल तर मी नकोच म्हणेन. पावसात वीज गेली तरी ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने नंतर पाहता येतात, पण प्रात्यक्षिकाच्या तासाला हजर राहणे अनिवार्य आहे, तेव्हा इन्व्हर्टरची सोय आधी पाहावी.