इलेक्ट्रॉनिक्सचे पार्ट ऑनलाइन मागवावेत की तपकीर गल्लीत जावं?

रेझिस्टर, एलईडी, जंपर वायर, हेडर पिन हा किरकोळ माल ऑनलाइनच घ्यावा. २२० ओहमपासून १० के (१० हजार ओहम) पर्यंतचे रेझिस्टर एकाच संचात स्वस्तात मिळतात, आणि एवढ्या स्वस्त वस्तूची नक्कल करून कुणाला फारसा फायदा नसतो.

सेल आणि सेन्सर मात्र जपून. १८६५० आकाराच्या लिथियम सेलवर ‘९९०० एमएएच’ (सेलची क्षमता) लिहिलेलं दिसलं तर तो घेऊच नका. त्या आकारात साधारण ३५०० एमएएचच मावतात. डीएस१८बी२० या तापमान सेन्सरच्या नकलाही भरपूर फिरतात. आल्या आल्या तो बर्फ घातलेल्या पाण्यात बुडवून बघा; आकडा शून्यापासून अर्ध्या अंशाच्या आत आला नाही तर लगेच परत करा.

पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, हे इलेक्ट्रॉनिक्सच्या पार्टचे बाजार. इथे एक ७८०५ (५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर) हवा असेल तर एकच मिळतो, कुरिअरचा खर्च पार्टपेक्षा जास्त होत नाही. जळालेला ट्रान्झिस्टर नेऊन दाखवला तर जुने दुकानदार त्याच्या जागी चालणारा दुसरा नंबर सांगतात, आणि नवशिक्यासाठी हे फार मोलाचं आहे. नकली माल दुकानातही येतो, पण तिथे तोंडावर विचारता येतं. इएसपी३२ सारखा वायफायवाला मायक्रोकंट्रोलर बोर्ड मी ऑनलाइन घेईन, सेल मात्र गल्लीतूनच.