कमरेला रोज बाळगायला काय घ्यावं: निर्भीक, प्रबल की अशनी?

शस्त्र परवाना हातात पडला की पहिला प्रश्न ठरलेला: सगळ्यात पॉवरफुल कोणतं? आपल्याकडे या प्रश्नात फारसा दम नाही. ९ मिमी, .३८, .४५५ हे बोअर (नळीचा आतला व्यास) प्रतिबंधित, म्हणजे सामान्य परवानाधारकाला बंद. परदेशी शस्त्रांची आयात सामान्यांसाठी ऐंशीच्या दशकातच थांबली, त्यामुळे जुनं वेब्ली किंवा वॉल्थर मिळालंच तर ते मालक सांगेल त्या भावाने. हाताशी मुख्यतः राहतं .३२. रिव्हॉल्व्हरच्या .३२ गोळीची ऊर्जा साधारण दीडशे ज्यूल, पिस्तुलाच्या .३२ची पावणेदोनशेच्या आसपास. ९ मिमीची साडेचारशेच्या पुढे. तेव्हा ताकदीचा हिशेब सोडा आणि तुमच्या हाताला काय पेलतं ते बघा.

निर्भीक हे .३२ रिव्हॉल्व्हर २०१४ साली कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्यातून आलं, तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये. वजन जेमतेम अर्धा किलो, टायटॅनियम मिश्रधातूचं. महिलांसाठी म्हणून त्याचा गाजावाजा झाला, पण पुण्या-मुंबईच्या उकाड्यात पातळ शर्टाखाली दिवसभर काही बाळगायचं असेल तर हे हलकेपण पुरुषालाही हवंहवंसं वाटतं. फक्त हलकं शस्त्र हातात जास्त उसळतं, दुसरी गोळी जागेवर लागायला सराव लागतो.

प्रबल हेही रिव्हॉल्व्हर, २०२३चं आणि कानपूरचंच. नळी ७६ मिमी, वजन रिकामं असताना साधारण सातशे ग्रॅम. खरा फरक काडतुसं भरण्यात आहे. निर्भीक जुन्या वेब्लीच्या घाटाचं: खटका दाबून नळी खाली मोडायची, की रिकाम्या पुंगळ्या आपोआप वर उचलल्या जातात. प्रबलचं सिलिंडर बाजूला उघडतं आणि पुंगळ्या दांडी दाबून काढाव्या लागतात. ५० मीटर पल्ल्याची त्याची जाहिरात मात्र मनावर घेऊ नका. ५० मीटरवरच्या माणसावर गोळी झाडून स्वसंरक्षण म्हणायला गेलात, तर कोर्टात घाम फुटेल.

अशनी हे पिस्तूल. चपटं, कमरेला फुगवटा कमी, मॅगझिन (काडतुसांची पेटी) बदललं की पुन्हा तयार. पण काडतूस फुसकं निघालं तर रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढायचा, विषय संपला. पिस्तुलात दोन्ही हातांनी स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे खेचून ते बाहेर काढावं लागतं. चेंबर (काडतूस झाडलं जातं ती जागा) रिकामं ठेवून फिरणाऱ्याला तर पहिल्या गोळीलाच दोन हात हवेत. नियमित नेमबाजीच्या रेंजवर जाणाऱ्याने खुशाल अशनी घ्यावं. वर्षातून एकदा कपाट उघडणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल दोन्हींची काडतुसं .३२ म्हणवत असली तरी वेगळी आहेत, एकाची दुसऱ्यात चालत नाहीत.

२५० ग्रॅमचं .२२ निदार रिव्हॉल्व्हर खिशात मावतं, पण त्याचं रिमफायर (बुडाच्या कडेला ठोका बसून पेटणारं) काडतूस फुसकं निघण्याची शक्यता जास्त. माझ्या यादीत ते नाही.

दुकानात शस्त्र रिकामं असल्याची स्वतः खात्री करा, मगच हात लावा. रिव्हॉल्व्हर असेल तर विक्रेत्याला विचारून, डमी काडतुसं घालून, एका हाताने घोडा न चढवता चाप ओढत राहा. आठ-दहा वेळांत बोट थकत असेल किंवा नळीचं टोक हलत असेल, तर ते शस्त्र तुमचं नव्हे. घोडा चढवून सिलिंडर हलकेच डावी-उजवीकडे ढकला. किंचित हालचाल चालते, खुळखुळ नको. सहाही चेंबरला हीच परीक्षा. एकाच मॉडेलच्या दोन नगांत फिनिशिंगचा फरक असतो, म्हणून दुसरा नग मागायला लाजू नका. विकत घेतल्यावर रेंजवर तीच काडतुसं वापरा जी पुढे बाळगणार आहात, रिव्हॉल्व्हरसाठी बहुधा खडकीची, बुडावर के एफ छाप असलेली.

माझं मत विचाराल तर दिवसभर अंगावर राहणार असेल तर निर्भीक, गाडीतून ये-जा आणि जाड पट्टा असेल तर प्रबल. होल्स्टर (कमरेचं म्यान) मात्र चाप पूर्ण झाकणारं हवं. चाप उघडा राहिला की तिन्ही सारखीच धोक्याची. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की ठाण्यातून शस्त्र जमा करण्याची नोटीस येऊ शकते. तेव्हा जमा करण्याआधी तेलाचा हलका हात फिरवा, पावतीवरचा नंबर शस्त्रावरच्या नंबराशी जुळवून घ्या आणि परत मिळाल्यावर आधी नळीतला गंज बघा.