गोचिडाची चघळायची गोळी : मे ते जानेवारी वापरल्यावर

आमचा टिपू देशी कुत्रा, वजन २१ किलो. पुण्यात तळमजल्यावर राहतो आणि मागे गवत माजलेला रिकामा प्लॉट, म्हणजे गोचिडांची चंगळ. पावडर, शाम्पू, गळ्यातला पट्टा, सगळं करून झालं होतं. मे महिन्यात डॉक्टरांनी फ्लुरालॅनरची गोळी सुचवली (दुकानात ब्रॅव्हेक्टो म्हणून मिळते). पावसाळा आणि नंतरची ऑक्टोबर हीट, दोन्ही पार पडली, म्हणून आता लिहितोय.

एका गोळीचा असर १२ आठवडे राहतो. २० ते ४० किलोच्या कुत्र्याला १००० मिलीग्रॅमची. द्यायची जेवणाच्या वेळीच, रिकाम्या पोटी औषध नीट शोषलं जात नाही. चव कुत्र्यांना आवडते म्हणतात; टिपूने हुंगून तोंड फिरवलं. चिकनच्या रश्श्यात कुस्करलेल्या भाकरीबरोबर मात्र गेली.

आता लोक जिथे वैतागतात तो मुद्दा. गोळी दिल्यावरही अंगावर गोचीड दिसतात. औषध कुत्र्याच्या शरीरात असतं, त्यामुळे गोचीड चावून रक्त प्यायला लागला की मगच मरतो. त्याला लांब ठेवणं हे या गोळीचं कामच नाही. आमच्याकडे सुरुवातीला कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात सापडायचे, पण चपटे, वाळलेले, फणी फिरवली की गळणारे. पूर्वी एरंडीच्या बीसारखे टम्म फुगलेले निघायचे, तसा एकही नाही. फरक बघायचा तो इथे.

आणि खरी वस्ती कुत्र्यावर नसतेच. हा तपकिरी गोचीड प्रत्येक वेळी रक्त पिऊन झालं की खाली पडतो, भिंतीच्या फटीत जाऊन कात टाकतो. मादी तिथेच हजारो अंडी घालते. आमच्या मागच्या दाराच्या चौकटीशी, कपाटामागे भिंतीवर चढताना दिसायचे. फटी व्हाइट सिमेंटने बुजवल्या, टिपूचं अंथरूण दर आठवड्याला कढत पाण्यातून काढलं. फटीतली गोचिडांची पिल्लं टिपूवर चढतात, चावतात आणि मरतात, पुढची अंडी घालायला उरतच नाहीत. भिंती स्वच्छ झाल्या त्या दुसऱ्या गोळीनंतर. पहिल्याच आठवड्यात ‘पैसे पाण्यात’ म्हणून सोडून देणाऱ्यांनी एवढं थांबावं.

घरात मनी मांजरही आहे. घरात गोचिडांच्या औषधाची फवारणी टाळण्याचं मुख्य कारण तीच. शेजारच्या पेठेतल्या एका दुकानदाराने कुत्र्याच्या मानेवर टाकायचे थेंब ‘मांजरालाही अर्धे चालतात’ म्हणून पुढे केले. पाकिटावर परमेथ्रिन हे कीटकनाशक लिहिलेलं! कुत्र्याला ते पचतं, मांजराचं यकृत त्याचा निचरा करू शकत नाही. अंग थरथरतं, झटके येतात, जीवही जातो. अर्धे काय, एक थेंबही नको. मनीला डॉक्टरांनी मांजरांसाठीचं फिप्रोनिल हे गोचिडाचं औषध दिलंय. टिपूच्या अंगावर काही लावलेलं नसल्याने ती त्याला बिनधास्त चाटते, त्याच्याच कुशीत झोपते. आमच्यासारख्या घरात गोळीचा हा मोठाच फायदा.

दुष्परिणाम म्हणाल तर पहिल्या गोळीनंतर दिवसभर पोट बिघडलं, पुढे काही नाही. पण कुत्र्याला फिट येत असतील तर आधी डॉक्टरांना सांगा. फ्लुरालॅनरच्या गटातल्या औषधांनी झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियामक संस्था) २०१८ मध्ये दिलाय.

गोळी चालू आहे म्हणून गोचीड ताप होणारच नाही, असंही धरू नका. गोचीड मरायला काही तास लागतात आणि या तापाचे एर्लिकिया नावाचे जंतू तेवढ्यात रक्तात उतरू शकतात. ऑक्टोबरात टिपूने दोन वेळा जेवण सोडलं तेव्हा लगेच रक्त तपासून घेतलं. प्लेटलेट्स ठीक निघाल्या. हिरड्या पांढरट दिसल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी गडद झाली तर मात्र सकाळची वाटही बघायची नाही.

किंमत झोंबते, खोटं कशाला बोला. म्हणून काही जण मोठ्या वजनाची गोळी आणून दोन कुत्र्यांत मोडून देतात. ते करू नका, ही गोळी तोडायची नसते. वजन मात्र प्रत्येक वेळी करून घ्या. टिपू जरा रोडावला असता तर खालच्या गटातली स्वस्त गोळी चालली असती, पण भाकरी कोण कमी करणार?