घरच्या घरी इंजिन धुणं : डीग्रीझर आणि हातपंपाचा काही महिन्यांचा अनुभव

रत्नागिरीकडची तांबडी माती एकदा तेलकट इंजिनवर बसली की नुसत्या फडक्याने हलत नाही. त्यात महामार्गाच्या कामाची धूळ. म्हणून पावसाळ्याआधी पाण्यात मिसळायचा डीग्रीझर (तेल-ग्रीस सैल करणारं द्रव) आणि झाडांवर फवारणीसाठी मिळतो तसला हातपंप घेतला. दिवाळी होऊन गेली, अजून तोच कॅन पुरतोय.

इंजिन पूर्ण थंड हवं, याला पर्याय नाही. तापलेल्या मॅनिफोल्डवर (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या धातूच्या नळ्यांवर) गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो, शिवाय डीग्रीझर तिथेच वाळून डाग पडतात. त्यामुळे मी सकाळी गाडी सुरू करायच्या आधीच बॉनेट उघडते. दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवायचं. नंतर घड्याळ पुन्हा लावावं लागतं, तेवढंच. मग अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र), फ्यूज बॉक्स, एअर फिल्टरचं तोंड आणि इग्निशन कॉइलवर (स्पार्क प्लगला वीज देणारी) प्लॅस्टिकच्या पिशव्या घट्ट बांधायच्या. कॉइलखालच्या खड्ड्यात पाणी साचलं की गाडी मिसिंग मारते, म्हणजे धक्के खात चालते, म्हणून ही बांधाबांध मी घाईने करत नाही. धुण्यापेक्षा यातच जास्त वेळ जातो आणि जायलाच हवा.

डीग्रीझर फवारून तीन-चार मिनिटं थांबायचं, पण वाळू द्यायचा नाही. कोपऱ्यांत रंगाचा जुना ब्रश चांगला चालतो. नंतर हातपंपानेच हलकं पाणी. सर्व्हिस सेंटरमधला प्रेशर वॉशर कनेक्टरच्या सीलमधून पाणी आत ढकलतो, तो मला इंजिनजवळ नकोच. रॉकेल किंवा पेट्रोलने पुसायचा सल्ला अजूनही मिळतो. तो अजिबात ऐकू नका: आगीचा धोका आहेच, शिवाय रबरी नळ्या फुगतात.

या सगळ्याचा खरा फायदा मला चकाकीत दिसला नाही. पहिल्या धुण्यानंतर आठवड्याभरात व्हॉल्व्ह कव्हरच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) कडेला तेलाची ताजी, बारीक रेघ दिसली. आधीच्या चिखलात ती कधीच कळली नसती. मेकॅनिककाकांनी तिथलं गॅसकेट (सांध्यातलं सील) बदललं आणि विषय मिटला. आता धुतल्यावर दर आठवड्याला बॉनेट उघडून बघायची सवयच लागली आहे. नळीच्या टोकाला कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) सुकलेला रंगीत डागही लगेच नजरेत येतो.

उणिवाही आहेत. एक्झॉस्टजवळ जळून चिकटलेलं तेल यानेही निघत नाही. हातमोजे नसतील तर कातडी कोरडी पडते. आणि खाली गळणारं पाणी तेलकट असतं, म्हणून गाडी विहिरीपासून आणि झाडांच्या आळ्यांपासून लांब लावून खाली गोणपाट अंथरा.

पिशव्या सोडल्यावर बॉनेट उघडं ठेवून तासभर वाळू द्या, कनेक्टर कोरड्या फडक्याने टिपा आणि मगच टर्मिनल जोडा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल, बॉनेटखाली जास्त व्होल्टेजच्या जाड नारिंगी केबल असतील, तर मात्र हे घरी करू नका.