टिमोलॉलचे आठ महिने: थेंब डोळ्यात, परिणाम नाडीवर

चष्म्याचा नंबर तपासायला गेले आणि काचबिंदू घेऊन परत आले. दुखत काही नव्हतं, दिसतही नीट होतं. पण उजव्या डोळ्याचा दाब २६ आणि डाव्याचा २४ निघाला (१० ते २१ साधारण ठीक धरतात). फील्ड टेस्टमध्ये (नजरेचा घेर तपासतात ती) उजव्या डोळ्याच्या नजरेचा नाकाच्या बाजूचा थोडा भाग गेलेला. तो परत येत नाही, उरलेलं राखायचं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दाब उतरवणारं टिमोलॉल ०.५ टक्के सुरू झालं, दोन्ही डोळ्यांत सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब.

काम त्याने चोख केलं. सहा आठवड्यांनी दाब १९ आणि १८. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होत असतं, ते हे औषध कमी करतं. निचरा होता तसाच राहतो, फक्त नळ बारीक होतो. टाकल्यावर काही सेकंद झोंबतं, थोडा कोरडेपणा येतो, बस्स. सुरुवातीला निम्मे थेंब गालावरच गेले, आणि नेम चुकला असेल म्हणून मी वर आणखी एक टाकायची. ते करू नका. एकच थेंब डोळ्यात मावेल त्याहून मोठा असतो, दुसरा नुसता वाहून जातो.

वाहून जातो कुठे, हाच खरा मुद्दा. पहिल्या दिवसापासून घशात कडू चव येत होती. डोळ्यातलं औषध घशात कसं, एवढाही विचार मी केला नाही.

तिसऱ्या महिन्यात एक मजला चढून थांबावं लागायला लागलं. दिवसभर अंगात मरगळ. वय झालं, झोप कमी पडते, असं स्वतःला सांगून झालं. मग घरच्या बीपी मशीनवर नाडी ४८ दिसली. फिजिशियनने विचारलं, औषधं कोणती चालू आहेत? मी म्हटलं, कुठलीच नाहीत. ईसीजी झाला, रक्त तपासलं. दुसऱ्या भेटीत त्यांनी प्रश्न फिरवून विचारला: गोळ्या नाहीत, बरं, मलम, पंप, थेंब? तेव्हा कुठे टिमोलॉलचं नाव माझ्या तोंडून निघालं.

हे बीटा ब्लॉकर आहे, हृदयाचा वेग कमी करणाऱ्या गोळ्यांच्या कुळातलं. डोळ्यातून ते अश्रूनलिकेवाटे नाकात उतरतं आणि तिथून थेट रक्तात शिरतं. गोळीतल्या औषधाचा काही भाग आधी यकृतात खर्च होतो, इथे तो टप्पाच नाही. या कुळातल्या औषधाने श्वासनलिकाही आवळू शकतात, म्हणून दमा असलेल्यांना हे देत नाहीत. सुरुवातीला मला दम्याबद्दल विचारलं होतं, नाडी मात्र कुणी मोजली नव्हती. तो राग अजून आहे.

थेंब मी मनाने बंद केले नाहीत, हे एक शहाणपण केलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिवसातून एकदाच, सकाळी टाकायचं जेलसारखं टिमोलॉल दिलं. झोपेत डोळ्यातलं पाणी तसंही कमीच तयार होतं, त्यामुळे रात्रीच्या थेंबाचा फायदा थोडाच. शिवाय थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकालगतचा कोपरा बोटाने दाबून धरायला शिकवलं, पूर्ण दोन मिनिटं. दोन मिनिटं फार लांब असतात! पण कडू चव गेली. आता चव आली की समजते, बोट चुकलं. जेलने काही मिनिटं धूसर दिसतं, तेवढं बसून राहते. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहिते, चार आठवड्यांनी उरलेलं फेकते.

नाडी आता ६०च्या वर असते, जिना एका दमात होतो. गेल्या भेटीत दाब २० आणि १८ होता. उजव्या डोळ्यासाठी २० जास्तच आहे म्हणतात, तेव्हा पुढच्या महिन्यातली फील्ड टेस्ट बघून रात्रीसाठी वेगळ्या गटातला थेंब जोडायचा की नाही ते ठरेल. तोवर टिमोलॉलला माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. दीड कापला तो ४८च्या आकड्यासाठी.