नाणी मोजणारा डबा: बारा महिन्यांच्या वापरानंतर

झाकणातून नाणे आत सरकवताच बेरीज दाखवणारा हा पारदर्शक डबा मी गेल्या चवथीच्या आधी ६४९ रुपयांना मागवला आणि पहिल्याच महिन्यात त्याला पाच तारे देऊन मोकळा झालो. ते तारे आज मागे घेत आहे, मात्र सगळे नव्हे.

निमित्त डब्यातल्या बॅटरीच्या सेलचे झाले. आकडे फिकट दिसू लागले म्हणून कंपनीला कळवले, तेव्हा सेल बदलून पाहावेत असे दोन ओळींचे उत्तर आले. त्याप्रमाणे सेल बदलताच वर्षभराची बेरीज शून्यावर आली. सेल काढल्यावर स्मृती पुसली जाते, हे ना पत्रकात छापले होते ना त्या उत्तरात लिहिले होते. नोकरीचा सगळा काळ हिशेब लिहिण्यात गेल्यामुळे दर रविवारी डब्यावरचा आकडा वहीत उतरवण्याची सवय मला होती, आणि शेवटची नोंद २,६८४ रुपयांची होती. खात्री करून घ्यावी म्हणून डबा चटईवर उपडा केला आणि दोन संध्याकाळी बसून हाताने मोजले, तर भरले २,४३१. म्हणजे २५३ रुपयांचा फरक, आणि तोही जास्तीचा.

घरात कोणी हात घातला असेल, हा पहिला संशय मनात आला, याची आता लाज वाटते. दोष मोजण्याच्या पद्धतीत आहे. हा डबा केवळ नाण्याच्या व्यासावरून किंमत ठरवतो, आणि त्याची मापे २०११ सालच्या मालिकेची आहेत: २२ मिलिमीटर म्हणजे एक रुपया, २३ म्हणजे पाच, २५ म्हणजे दोन, २७ म्हणजे दहा. मार्च २०१९ मध्ये आलेल्या नव्या मालिकेत मात्र दोनचे नाणे २३ चे आहे आणि पाचचे २५ चे, म्हणून डबा नव्या दोनाला पाच मानतो व नव्या पाचाला दोन. नवा रुपया २० मिलिमीटरचा असल्यामुळे तो मोजलाच जात नाही, तर वीसचे बाराकोनी नाणे २७ चे असल्यामुळे दहाचे ठरते. सर्वांत महाग पडली ती दोन बोटांच्या मुद्रेची २००७ ची दोन रुपयांची नाणी, कारण तीही २७ ची. माझ्याकडे अशी छत्तीस निघाली, आणि प्रत्येकामागे आठ रुपये याप्रमाणे त्यांनीच २८८ रुपये फुगवले होते. उणे बाजूच्या चुकांनी त्यातले काही भरून काढले, म्हणून फरक २५३ वर थांबला.

येथे माझे मत थोडे बदलले, हे कबूल केले पाहिजे. नाणी बनवणाऱ्यांनीच एका व्यासाला तीन-तीन किमती दिल्या असतील तर डब्याने करावे तरी काय? पण नवी मालिका बाजारात येऊन पाच वर्षे झाल्यावर विकल्या गेलेल्या वस्तूवर ‘सर्व भारतीय नाणी अचूक मोजतो’ असे छापणे हा निष्काळजीपणाच आहे. वजनकाटा तरी बरा का, म्हणून स्वयंपाकघरातला काटा घेऊन बसलो, तर २०११ चा रुपया ३.७९ ग्रॅमचा आणि जुना, मोठा रुपया ४.८५ ग्रॅमचा. म्हणजे वेगवेगळी निवडल्याशिवाय तोही उपयोगाचा नाही.

डब्याची खरी कसोटी पैसे बाहेर काढताना लागली. एक रुपयाच्या पाच आणि दोन रुपयांच्या तीन अशा शंभर-शंभर नाण्यांच्या आठ पिशव्या बांधून मी बँकेत गेलो. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने ‘मंगळवारी या’ म्हटले, आणि मंगळवारी ‘मोजायला माणूस नाही’ म्हटले. बँकांनी नाणी नाकारू नयेत आणि शंभर-शंभराच्या पिशव्या सोयीच्या ठरतात, असे रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक मी छापून नेले होते. ते पुढे ठेवल्यावर आतून अधिकारी आले आणि पाऊण तासाने १,१०० रुपये खात्यात जमा झाले. परिपत्रक छापण्याचे चार रुपये मी या डब्याच्याच खर्चात धरले आहेत.

उरलेल्या १,३३१ रुपयांसाठी मात्र कुठे भांडावे लागले नाही. सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला पाचची नाणी नोटेपेक्षा प्रिय, आणि म्हापशाच्या बसमधला कंडक्टर तर सुटे पैसे पाहून हसलाच. वाड्यावरच्या पसरकाराकडे, म्हणजे किराणा दुकानदाराकडे, नाणी दोन खेपांत नेली, कारण कायद्याने एका व्यवहारात नाण्यांनी हजार रुपयांपर्यंतचेच देणे फेडता येते; त्याने एक पैसाही न कापता नोटा दिल्या आणि ‘आधी का नाही आणलेत?’ असे उलट मलाच विचारले.

डबा टाकून दिलेला नाही. त्याचे तोंड रुंद आहे, झाकणाचे आटे वर्षभरात झिजले नाहीत आणि पाच किलोंच्या आसपास भार पेलूनही तळाला तडा गेला नाही, म्हणून दोन तारे ठेवतो. सेल काढून टीव्हीच्या रिमोटमध्ये घातले आहेत. पाचच्या वरची नाणी आता डब्यात पडतच नाहीत, ती दर शनिवारी पसरकाराकडे जातात.