सहा महिन्यांत पदवी: कामावर असलेल्यांना गंडवण्याची रीत

"अनुभव आहे ना तुमचा? मग वर्गात कशाला बसायचं? येतं ते दाखवा आणि पदवी घ्या." लोटे-परशुरामच्या कारखान्यात पाळी करणारा ऑपरेटर, आखाताची तयारी करणारा फोरमन, बोटीवरून रजेवर घरी आलेला खलाशी, पदवीवाचून बढती अडलेल्या माणसाला दलालाचं हे बोलणं चटकन पटतं. कारण त्यात थोडं खरं आहे. अमेरिकेत १९९७ साली स्थापन झालेली वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी असंच शिकवते: सहा महिन्यांच्या सत्राची ठरलेली फी, त्यात जमतील तेवढे विषय पार करा. दलाल उदाहरण हे देतो आणि विकतो मात्र भारतातल्या विद्यापीठाची गुणपत्रिका.

इथे तीन वर्षांची पदवी सहा महिन्यांत होत नाही. इग्नूच्या बी.ए.ला किमान तीन वर्षं लागतात आणि कमाल सहा मिळतात. नोकरदारासाठी खरी सवलत ही अशी, मुदत लांबवण्याची.

पैसे हप्त्याहप्त्याने उकळले जातात, तेही कुणाच्या तरी खासगी यूपीआयवर: नोंदणी, मग परीक्षा, मग मायग्रेशन (विद्यापीठ बदलण्याचा दाखला), शेवटी 'व्हेरिफिकेशन'. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका सुरुवातीलाच ठेवून घेतात, म्हणजे मध्येच सोडायची सोय उरत नाही. पेपर घरी बसून लिहायचे. हाती येते ती मागच्या तारखेची, नियमित विद्यार्थ्याची गुणपत्रिका, आणि घात तिथेच होतो. कागदावर कॉलेजात बसलेला माणूस त्याच वर्षांत पीएफच्या नोंदीत कारखान्यात हजर असतो. खलाशाच्या सीडीसीवर, म्हणजे त्याच्या सागरी नोकरीच्या नोंदपुस्तिकेवर, बोटीवर चढल्या-उतरल्याचे शिक्के असतात. आखातासाठी पदवीचं साक्षांकन करायला गेलं की विद्यापीठाकडे विचारणा होते आणि तिकडे नावच सापडत नाही.

"विद्यापीठ तर खरं आहे" एवढ्यावर बहुतेक जण थांबतात, आणि आमच्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. विद्यापीठ खरं असूनही त्याला तो अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने चालवायची परवानगी नसू शकते. यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या संकेतस्थळावर विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि प्रवेशाचं सत्र, तिन्ही जुळवून बघा. तिथेच एबीसी क्रमांक (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स या विद्यार्थ्यांच्या सरकारी श्रेयांक-खात्याचा क्रमांक) वापरून स्वतःचा डीईबी आयडी, म्हणजे या ब्युरोचा विद्यार्थी क्रमांक, काढावा लागतो. तो स्वतःच्या मोबाइलवरच काढा, ओटीपी दलालाला सांगू नका. फी फक्त विद्यापीठाच्या खात्यात भरा. दूरस्थ बी.टेक. कुणी देऊ केलं तर तिथूनच उठा. इंजिनिअरिंगची पदवी या पद्धतीने मिळत नाही.

पैसे नुकतेच गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम खात्यात गोठवता येण्याची शक्यता कमी. यूपीआयच्या पावत्या आणि व्हॉट्सॲपचे संदेश पुसू नका. मूळ कागद अडकवून ठेवले असतील तर पोलिसांकडच्या लेखी तक्रारीत प्रत्येक कागदाचा बैठक क्रमांक आणि वर्ष लिहा. आणि ती गुणपत्रिका हाती आलीच असेल, तर कुठल्याही अर्जाला जोडू नका. बनावट आहे हे ठाऊक असून ती खरी म्हणून वापरणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४० खाली गुन्हा आहे, आणि तिथे आरोपी दलाल नसतो, अर्जदार असतो.